दोन टोपणं

मला आधी वाटलं, तिने रंगाचे हात तोंडाला पुसले.

पेस्टमध्ये आम्ही लाल रंग कालवत असू. काडीवरच्या कुठल्या डोळ्याला लागली आणि कुठला राहिला हे लांबून कळावं, एवढ्यासाठी. त्यामुळे त्या दिवशी बागेत पेस्ट लावणाऱ्या सगळ्यांचेच हात कोपरापर्यंत लाल होते. मथू चौथ्या ओळीत वेलीचा बुंधा धरून उभी होती. तिचं तोंड, गळा, कानाच्या पाळ्यासुद्धा लालभडक झाल्या होत्या.

"मथू, अगं तोंड पूस," मी म्हणाले. "बाळ घाबरेल तुला बघून."

ती हसली नाही. एरवी मी काहीही बोलले तरी ती हसायची. तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मग ती हळूच गुडघ्यांवर बसली. मी पदराने तिचं तोंड पुसायला गेले, तर पदराला काहीच लागलं नाही. तो रंग नव्हता. कातडीच लाल झाली होती आणि हाताला चटका बसावा इतकी तापली होती.

"वैनी," ती म्हणाली, "माझं काळीज पळतंय."

पेस्टच्या दिवशी माणूस असा लाल होऊन खाली बसला की त्याचा अर्थ काय, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक होतं.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली, पदरात पाच महिन्यांची मुलगी. कादवा नदीच्या काठाला सासऱ्यांची, म्हणजे नानांची, आठ एकर द्राक्षबाग होती. नानांचा सगळा जीव त्या बागेत. घरात कोण जेवलं, कोण नाही जेवलं हे त्यांना ठाऊक नसे, पण सातव्या ओळीतल्या तिसऱ्या वेलीला किती घड आहेत हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत.

द्राक्ष हे थंड मुलखातलं झाड. तिकडे हिवाळ्यात वेली झोपतात आणि मग सगळे डोळे एकदम जागे होतात. आपल्याकडे तशी थंडी कुठली. छाटणी केली की काडीवरचे दोन डोळे फुटतात, बाकीचे तसेच बसून राहतात. मग एका वेलीवर आज घड, दुसऱ्यावर पंधरा दिवसांनी घड, एक गोड तर दुसरा आंबट. मागच्या वर्षी नानांची बाग अशीच मागेपुढे फुटली होती. परदेशी माल पाठवणाऱ्यांचा माणूस आला, त्याने खिशातून मापाची एक कडी काढली, मणी त्या कडीतून आरपार घालून दाखवला आणि मान हलवून निघून गेला. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

म्हणून ही पेस्ट. छाटणी झाल्यावर दोन दिवसांच्या आत काडीच्या प्रत्येक डोळ्याला ती लावायची. डोळे एकदम फुगतात, एकदम फुटतात, सगळी बाग एका वयाची होते. काम सोपं आहे. एकच गोष्ट आहे, की त्या औषधाचं आणि दारूचं अजिबात जमत नाही. पेस्टला हात लावलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली की अंग पेटतं, छाती धडधडते, श्वास मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या एका बागेत एक माणूस दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी प्यायला बसला होता. तो उठलाच नाही.

आमच्याकडे सुरगाण्याकडून चौदा जणांची टोळी यायची. रामजी गावित त्यांचा मुकादम. उंच, कमी बोलणारा, पन्नाशीचा माणूस. बागेतला तो माणूस गेल्यापासून त्याने स्वतःची एक रीत काढली होती. पेस्टच्या पहिल्या सकाळी तो सगळ्यांना ओळीने उभं करायचा आणि प्रत्येकाच्या तळहातावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, चार दाणे ठेवायचा. "तीन दिवस दारूला शिवलो नाही, पुढचे तीन दिवस शिवणार नाही," असं म्हणून ते दाणे चावून गिळायचे. खोटं बोलेल त्याच्या पोटात दाणा फिरतो, असं तो सांगायचा. नानांना त्या दाण्यांचं हसू यायचं. पण डब्यावरच्या सूचना वाचून दाखवण्यापेक्षा त्या दाण्यांनी काम होतं हे त्यांना कळत होतं, म्हणून तेही बाजूला टोपी काढून उभे राहत.

मथू रामजीची मुलगी. त्या वर्षी ती नवऱ्याला भात राखायला गावी ठेवून बापाच्या टोळीत आली होती, तीन महिन्यांचा मुलगा झोळीत घेऊन. माझी आणि तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली, कारण आम्हा दोघींनाही रात्रीची झोप नव्हती. ती वाळलेली होती, दूध पुरत नव्हतं, पोर सारखं रडायचं. मी सासूबाईंच्या नजरेआड तिला डिंकाचे लाडू द्यायचे, खारीक द्यायचे, माझ्या आईने माहेरून पाठवलेलं बाळंतिणीचं औषध द्यायचे. आपण कुणाचं तरी भलं करतोय याचा मला तेव्हा फार आनंद होता.

तर ती मथू आता माझ्या मांडीवर डोकं टाकून तोंडाने श्वास घेत होती.

पहिला रामजी आला. पेस्टची बादली तिथेच ठेवून तो ओळी ओलांडत आला आणि तिच्याकडे बघून जागच्या जागी थांबला. तो जवळ आला नाही. मागोमाग नाना आले. ते वाकले, मथूच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि ताठ झाले.

"वास येतोय," ते म्हणाले.

"नाय," मथू म्हणाली. "नाय पिले मी."

"रामजी, तूच बघ वास घेऊन. या लोकांना सांगून सांगून माझं तोंड झिजलं. तीन दिवस दम निघत नाही. आणि लेकुरवाळी बाई."

"नाना, आधी दवाखान्यात," मी म्हणाले.

नाना रागीट होते पण दगड नव्हते. ते धावत जीपकडे गेले. रामजीने लेकीला उचललं. उचलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. मी मजुरांच्या शेडमधून तिचं बाळ घेतलं आणि मागे बसले. माझी मुलगी घरात सासूबाईंपाशी झोपली होती, ती मला आठवलीसुद्धा नाही.

डॉक्टर कोठावदेंचा दवाखाना साडेचार मैलांवर. तेवढ्या वाटेत मथूचे ओठ पांढरे पडले. चेहरा लाल आणि ओठ पांढरे, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती मला घट्ट धरून एकच वाक्य म्हणत होती, "दाणा फिरला वैनी, पोटात दाणा फिरला." मी तिला म्हणत होते की असं काही नसतं. पुढच्या सीटवर रामजी पाठमोरा बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टरांना बघताक्षणीच कळलं. त्यांनी नाडी धरली, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, पुन्हा बांधला, आणि कंपाउंडरला ऑक्सिजनची टाकी ओढून आणायला सांगितली. सलाईन लावली. खाटेच्या पायाखाली विटा सरकवल्या. मथूचे हात धुवायला घेताना त्यांनी तिच्या हातमोज्यांकडे बघितलं. बोटांची टोकं कात्रीने कापलेली होती.

"हे कुणी केलं?"

"सगळेच करतात," मी म्हणाले. "डोळा बारीक असतो. मोज्यातून बोटाला लागत नाही."

"म्हणजे मोजे घालून न घातल्यासारखेच." ते नानांकडे वळले. "दारू?"

"पिलीये," नाना म्हणाले.

"नाय," मथू मास्कच्या आतून म्हणाली.

"मथे," रामजी दारातून बोलला. तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. "खरं सांग."

"दाण्याची आण, बा. नाय पिले."

"दाण्याची आण आता घेऊ नको," तो म्हणाला आणि व्हरांड्यात जाऊन बसला.

"प्रेशर खूप खाली आहे," डॉक्टर मला म्हणाले. "तासभर काही सांगता येणार नाही."

तो तास मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा प्रत्येक ठोक्याला थोडा मागे येऊन मग पुढे जायचा. बाळ भुकेने किंचाळायला लागलं. डॉक्टरांनी मथूला अंगावर पाजायला दोन दिवस मनाई केली होती. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्याला माझ्या पदराखाली घेतलं. नाना आत डोकावले, बघितलं आणि परत गेले. एरवी यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली असती.

डॉक्टर परत आले तेव्हा पोर झोपलं होतं. ते स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"पोरगी शपथेवर नाही म्हणतेय. आणि मला ती खोटं बोलतेय असं वाटत नाही. तिला दुसरं काही औषध चालू आहे का? खोकल्याचं वगैरे?"

"नाही."

"काहीच नाही?"

"बाळंतिणीचं आहे. दशमूलारिष्ट. दूध येण्यासाठी." मी सहज म्हणाले. "माझंच आहे ते. मीच देते."

"आज दिलं होतंत?"

"दहाला. ती बाळाला पाजायला शेडमध्ये आली तेव्हा. फार दमलेली दिसली, म्हणून दोन टोपणं दिली."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. तो पुसला नाही, नुसता धरला.

"ताई, अरिष्टात मद्यार्क असतो. कुणी घालत नाही, ते मुरताना आपोआप होतो. बाटलीवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात."

"पण मी रोज घेते."

"तुम्ही पेस्ट लावत नाही."

"एवढासा?"

"या पेस्टला एवढासाही पुरतो. त्यात हिच्या अंगात काही नाही आणि बोटं उघडी."

दहा वाजता मी तिला काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. ती "आता नको, काम पडलंय" म्हणत होती आणि मी "घे गं, तुझ्यासाठी नाही, बाळासाठी घे" असं म्हणून तिच्या ओठाला टोपण लावलं होतं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "आणि मला आधी कळलं असतं तरी उपचार हाच होता. पण बाहेर तिचा बाप बसलाय. त्याला सांगायला हवं. मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हणाले.

त्यांना तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. हात मोडलेला एक माणूस आला होता. ते गेले ते गेलेच.

मी उठले नाही. खरं सांगायचं तर मला उठता आलं नाही. मथू मेली तर ती माझ्या हातून मेली, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. पोलीस येतील, पंचनामा होईल, बाटली कुणाची, टोपण कुणी लावलं. माझी मुलगी पाच महिन्यांची. मी खाटेचा दांडा धरून मथूच्या छातीकडे बघत बसले. छाती वर गेली की मी श्वास घ्यायचे.

दोन वाजता तिचं प्रेशर चढायला लागलं. तीन वाजता ती डोळे उघडून "पोर?" म्हणाली. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, पण खाटा दोनच होत्या आणि दुसरीवर तो हात मोडलेला कण्हत होता. पडून राहायचं, पेस्टच्या जवळ फिरकायचं नाही, असं बजावून त्यांनी चारला सोडलं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. ती मरेल ही भीती संपली होती. पण ती गेली तशी दुसरी येऊन बसली, आणि ती जास्त चिवट होती. नाना काय म्हणतील. सासूबाईंना कळेल की माझ्या माहेरचं औषध मी मजुरांना वाटते. माझे हे नाशिकहून येतील आणि बापाचं ऐकून माझ्याकडे बघतील. मी मनाशी ठरवलं, घरी गेल्यावर सांगू. मग ठरवलं, आधी नानांना एकट्याला सांगू. मग ठरवलं, मथू वाचलीच आहे, दोन दिवसांनी सगळे विसरतील. जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं आणि मला ते बरं वाटत होतं.

शेडपाशी उतरलो तर टोळी काम टाकून बसली होती. मथूचं गाठोडं, तिची ताटली, पोराची झोळी, सगळं शेडच्या बाहेर चिंचेखाली नेऊन ठेवलेलं होतं.

रामजीची बहीण सोनीबाई पुढे आली. टोळीतली सगळ्यांत वडील बाई.

"दादा, तिला आत नको आणू."

"वाचली ती," मी म्हणाले.

"वाचली तर बरं झालं, वैनी. पण दाणा फिरला तिच्यात. सगळ्यांनी बघितलं. आण मोडलेल्या बाईच्या चुलीवरचं आम्ही खायचं नि उद्या परत पेस्टला हात घालायचा? उद्या आमच्यातला कोण पडंल?"

ती दुष्ट नव्हती, ती घाबरली होती. सगळेच घाबरले होते. चार एकर अजून राहिलं होतं, दुसऱ्या दिवशी लावायलाच हवं होतं. आणि त्यांच्याजवळ त्या औषधापासून वाचायला दाण्यांशिवाय काही नव्हतं. दाणा खोटा ठरला तर त्यांना कुणाचाच आधार उरत नव्हता.

"सहाची गाडी आहे सुरगाण्याची," रामजी म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "मी बसवून देतो."

"रामजी, तिला उभं राहता येत नाही," नानाही म्हणाले.

"टोळी माझी आहे, नाना."

"आणि तिच्या सासरी काय सांगशील?"

"जे झालं ते सांगंन."

मथू जीपच्या पायरीवर बसली होती. ती इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "बा, मी पिलेच असंन."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मला याद नाय येत. पण पिलेच असंन. दाणा काय खोटा सांगंल?"

तिने हे रडत म्हटलं असतं तर मी कदाचित अजूनही गप्प राहिले असते. पण ती अगदी शांतपणे, हिशोब लावल्यासारखं म्हणाली. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. आपण न केलेली गोष्ट तिने स्वतःच्या नावावर घेतली आणि मान खाली घातली.

"ती नाही प्यायली," मी म्हणाले. "मी दिलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी घरात पळत गेले, फडताळातली बाटली आणली आणि धापा टाकत सगळं सांगितलं. दहाची वेळ, दोन टोपणं, डॉक्टर काय म्हणाले ते. नाना म्हणाले, "शैला, घरात जा." मी गेले नाही. सासऱ्यांचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ.

सोनीबाईने बाटली हातात न घेता वास घेतला.

"हे तर औषध आहे."

"त्यातच असते. थोडी."

"औषधाने कोण पडतं, वैनी? हे बाळंतिणीला देतात. तुम्हीपण पिता म्हणता, तुम्ही तर धडधाकट उभ्या आहात."

"मी पेस्ट लावत नाही म्हणून."

"आणि हे खरं असतं तर तुम्ही दवाखान्यात बोलला असता. आतापर्यंत तोंड का शिवलं होतं?" ती चिडून बोलत नव्हती, समजावत होती. "तुमचा जीव मोठा आहे. तुम्हाला तिची कीव आली म्हणून तुम्ही आपल्या अंगावर घेता. पण आम्हाला उद्या काम करायचंय."

डॉक्टरांना आणा म्हणावं तर ते दवाखाना सोडून येणार नव्हते, आणि आले असते तरी टोळीने त्यांना आमचाच माणूस म्हटलं असतं. दुपारी व्हरांड्यात, डॉक्टर शेजारी असताना मी हेच बोलले असते तर रामजीने ऐकलं असतं. आता ते दमलेल्या मालकिणीचं दयाळू खोटं झालं होतं.

रामजी एवढा वेळ माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होता.

"वैनी, किती दिलं म्हणाला?"

"दोन टोपणं."

त्याने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. पेस्ट कालवायचं काम त्याचं. सकाळपासून तो बादलीत हात घालत होता. लाल रंग मनगटावर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"माझ्या अंगात तिच्यापेक्षा जास्त असंल," तो म्हणाला आणि बाटली घेतली.

त्याने सगळ्यांना दिसेल असं टोपण उंच धरलं, काठोकाठ भरलं आणि प्यायला. दुसरं भरलं, तेही प्यायला. एक थेंब सांडला नाही. मग तो मथूच्या समोर मांडी घालून जमिनीवर बसला.

"रामजी, वेड लागलं का तुला?" नाना ओरडले.

"घड्याळ बघा, नाना."

नानांनी खरोखरच घड्याळ बघितलं. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. मथू "बा, नको, बा, ओक" म्हणत त्याचे खांदे हलवत होती. त्याने तिचे दोन्ही हात धरून ठेवले. टोळीतलं कुणी हललं नाही. मला वाटत होतं की काही होऊ नये, आणि त्याच वेळी मला हेही ठाऊक होतं की काही झालं नाही तर मथू सहाच्या गाडीने जाईल. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी देवाकडे मागत होते.

आधी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग गळा. सोनीबाई दोन पावलं पुढे आली. लाली गळ्यावरून गालांवर चढली, डोळ्यांतल्या शिरा तटतटल्या, आणि तो श्वास मोजून मोजून घ्यायला लागला. नानांनी जीप चालू करून अगदी जवळ आणली. दोघा-तिघांनी त्याला उचलायला हात घातले तर त्याने ते झटकले.

"सोने," तो म्हणाला. त्याला बोलायला फार कष्ट पडत होते. "बघितलं? मग बोल."

सोनीबाई चिंचेखाली गेली, मथूची ताटली उचलली, पदराने पुसली आणि आत चुलीपाशी नेऊन ठेवली. परत येऊन तिने झोळी उचलली. मग बाकीच्या बाया उठल्या.

तेव्हा कुठे रामजीने स्वतःला उचलू दिलं. दवाखान्याच्या वाटेवर तो बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं आणि मला एकदाच, हळू आवाजात विचारलं, "तुम्ही सांगितलं नव्हतंत?"

तो वाचला. त्यानंतर तीन हंगाम तो टोळी घेऊन आमच्याकडे आला. नानांनी कोपरापर्यंतचे, पातळ बोटांचे मोजे कुठून तरी शोधून आणले आणि कुणी ते कापू नयेत म्हणून स्वतः ओळीत उभे राहू लागले. मला ते त्या दिवसाबद्दल कधीच काही बोलले नाहीत. त्या वर्षी बाग मात्र अशी फुटली की लोक बघायला आले. काडीकाडीवर सगळे डोळे एकदम, सगळे घड एका वयाचे, आणि कडीतून एकही मणी खाली पडला नाही. मला त्यातलं एक द्राक्ष तोंडात घालवलं नाही.

हे मी आजवर दोन-चार जणांना सांगितलंय. सगळे विचारतात, त्याने बाटली घेतली तेव्हा तू धरून का नाही ठेवलीस. मी म्हणते, त्याने हिसकावली. तसं झालं नव्हतं. त्याने नुसता हात पुढे केला होता. तो काय करणार आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याचं काय होईल हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत मला एकटीला नक्की ठाऊक होतं, कारण डॉक्टरांचं बोलणं मी एकटीने ऐकलं होतं. पण तो प्यायला तर सगळ्यांना माझं खरं वाटणार होतं. रंग वाळून त्याची बोटं कडक झाली होती, त्याला टोपण फिरेना. ते मी उघडून दिलं.